सुतकातला पाऊस

मु. वाडी, पो. जांबोटी
९ मार्च २०२५

नागू,

खुशाल आहेस असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली न्हाईस. फोन केला की तू "बोल आक्का" म्हणतोस आणि पुढं गप्प. त्या गप्प बसण्याला मी कंटाळले. म्हणून आता कागदाशी बोलते.

लिहायचं कारण सांगते. काल पोस्टमन एक जाडजूड पाकीट देऊन गेला. वर पणजीचा शिक्का. वाटलं तुझंच असणार, पण अक्षर दुसऱ्याचं. आत तुझ्या ऑफिसचा अहवाल, मांडवीच्या मुखाशी येणाऱ्या पुराचा, आणि दिव्या नावाच्या मुलीची चिठ्ठी. "मनुबाई, पाऊस मोजणाऱ्या सगळ्यांना प्रत पाठवत आहोत. तुमच्या नोंदींशिवाय हे काम झालं नसतं. काही हरकत असेल तर ३० एप्रिलच्या आत कळवावी." वाचून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बावीस वर्षं मी रोज सकाळी साडेआठला देवळाच्या अंगणात जाऊन त्या मापकाच्या बाटलीतलं पाणी मोजते. त्याआधी आप्पा मोजायचे. पण आभार मानणारं हे पहिलंच कुणीतरी. पहिल्या पानावर तुझं नाव आहे, सगळ्यांच्या वर. आप्पा असते तर जांबोटीच्या बाजारात ते पान सगळ्यांना दाखवून आले असते, आणि दिसलं न्हाय म्हणणाऱ्याला पुन्हा दाखवलं असतं.

इंग्रजी मला येत न्हाय, पण मागं मराठीत दहा पानं दिलीत ती दोनदा वाचली. आमच्या डोंगरात पडलेलं पाणी म्हादईतून तुमच्या मांडवीत उतरतं. तिथं समुद्राला भरती असली की त्याला बाहेर पडायला वाट मिळत न्हाय. मोरी तुंबल्यागत ते मागं सरतं आणि काठच्या घरांत शिरतं. त्यात समुद्र आता पहिल्यापेक्षा वर आलाय आणि महिनाभर पडायचा तो पाऊस चार दिवसांत पडायला लागलाय. हे चार दिवसांचं मला विचारलं असतंस तर कवाच सांगितलं असतं. माझ्या वह्यांत सगळं आहे. पण विचारणार कोण.

नकाशात निळी रेघ आहे. रेघेच्या आतली घरं धोक्यात आणि बाहेरची बिनधोक, असंच ना? आणि पान ४१ वर माझे आकडे आहेत, २०२१ च्या जुलैचे. २१ तारखेपासून २५ पर्यंत.

एक विचारायचं होतं. त्या पाच दिवसांवर तुम्ही एवढं का विसंबलात? बावीस वर्षांत दुसरे दिवस नव्हते काय? सहज विचारते.

भावकू गुरव तुझी आठवण काढत होता. मी म्हटलं, त्याला अजून वाडीची वाट ठाऊक आहे का ते विचार.

आक्का

•

२६ मार्च २०२५

नागू,

उत्तर आलं, पण तुझं न्हाय. दिव्याचा फोन आला. पोरगी निपाणीकडची निघाली, घरात मराठी-कन्नड दोन्ही बोलतात, "आक्का, आरामात हाय न्हवं?" असं विचारलं. लई दिवसांत कुणी असं विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "सरांनी मला सांगितलं, तूच आक्कांना समजावून दे." म्हणजे माझं पत्र तू वाचलंस आणि सख्ख्या बहिणीला उत्तर द्यायला निपाणीची पोरगी नेमलीस. ठीक आहे. तुझी तरी काय चूक, मोठा माणूस झालास.

पण तिनं नीट सांगितलं. त्या आठवड्यात वरच्या अंगाची बाकीची मापकं बंद पडलेली. एकावर झाड कोसळलेलं, एक वाहूनच गेलेलं. चालू होतं ते आपलं एकटं. २३ तारखेला पुराचं पाणी खाली पोचलं तेव्हा नशिबानं ओहोटी होती, म्हणून निभावलं. तेवढाच पाऊस भरतीच्या वेळेला आला, आणि तोही वीस-तीस वर्षांनी, समुद्र आणखी चढल्यावर, तर पाणी कुठवर येईल हे तू काढलंस. म्हणजे सगळ्याचा पाया माझा २३ तारखेचा आकडा.

मी विचारलं, रेघेच्या बाहेर कोण राहतं? ती म्हणाली, बांधवाडा, बासष्ट घरं, बरीचशी मासेमारी करणाऱ्यांची. तिथं लोक घाबरलेले होते, आता तुमच्या आकड्यामुळं सुटले. रेघेच्या बाहेर आहेत म्हणून तिथंच नवी शाळा मंजूर झालीय. हरकतींची मुदत संपली की पाया खणणार.

मग मी म्हटलं, समज एखाद्या बाईचा आकडा चुकला असला तर? ती हसायला लागली. म्हणाली, "तुमचा कसा चुकंल? बावीस वर्षांत एक रकाना रिकामा न्हाय. सर आम्हा नवीन लोकांना तुमच्या वहीची झेरॉक्स दाखवतात, म्हणतात, नोंद अशी ठेवायची."

हे खरं आहे काय नागू? मला तू कधी सांगितलं न्हाईस. फोन ठेवल्यावर मी चुलीपुढं बसले आणि भात करपला तरी उठले न्हाय.

आता मुद्द्याचं. खानापूरकडं माझ्या ओळखीची एक बाई आहे, तीही पाऊस मोजते. तिच्याकडून मागं काही दिवसांची नोंद अंदाजानं झाली. आता एवढ्या वर्षांनी तिनं ते सांगावं का? सांगितलं तर तिचं काय होईल आणि ज्या साहेबानं तिचे आकडे धरले त्याचं काय होईल? तू या कामातला आहेस म्हणून विचारते. दिव्याला सांगू नको उत्तर द्यायला.

आक्का

•

११ एप्रिल २०२५

नागू,

पंधरा दिवस झाले, तुझं काही आलं न्हाय. ती खानापूरची बाई कोण ते तुला कळलं असणार, तू काय खुळा न्हाईस. मीच ती.

आता सगळं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा धीर व्हायचा न्हाय.

आई गेली बुधवारी, २१ जुलैला, पहाटे. घरात सुतक आलं. आणि आपलं मापक कुठं आहे ते तुला ठाऊकच आहे. वर झाड नको, जवळ भिंत नको, अशी जागा अख्ख्या वाडीत देवळाच्या अंगणात एकच. आप्पांनीच पंचांना विनवून ती मिळवलेली. सुतकात देवळाच्या हद्दीत पाय टाकायचा न्हाय. दहा दिवस मी साडेआठला सवयीनं उठून अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत जायची, अंगावर इरलं घेऊन उभी राहायची आणि पंचवीस पावलांवर मापक दिसत असताना माघारी फिरायची. तू म्हणशील पावसाला कुठलं सुतक. तुझं शिक्षण झालंय, तू म्हणू शकतोस. मला ह्या वाडीत राहायचं होतं, आणि आईचं सुतक मोडायचं माझ्या मनातही आलं न्हाय. आप्पा गेले तेव्हा मार्च होता. दहा दिवस घरात बसून मी शून्य शून्य लिहिलं आणि ते खरंच होतं. त्यामुळं अशी वेळ येते हे कधी कळलंच न्हाय.

रकाने रिकामे सोडायचे होते. छापील सूचनांत तसंच आहे, नोंद नसेल तर रेघ मारा. पण आप्पांपासून त्या वहीत एक रेघ न्हाय. १ ऑगस्टला मी महिन्याचा तक्ता घेऊन बसले आणि ऐकलेला पाऊस आठवून आकडे भरले. २२ ला १९०. २३ ला २१४. २४ ला २०५. दोनशे चौदा का, तर नुसतं दोनशे लिहिलं असतं तर अंदाजानं लिहिल्यासारखं दिसलं असतं. पाच मिनिटं लागली असतील.

आणि त्या पाच मिनिटांत माझं डोकं तुझ्यावर तापलेलं होतं. आदल्याच दिवशी तू अकराव्याला आलतास. दारातूनच विचारलंस, "आक्का, मला आधी का कळवलं न्हाईस?" अकरा दिवसांनी भेटतोस आणि पहिला प्रश्न हा. मी म्हटलं रेंज नव्हती. गुरुवारी संध्याकाळी लागला फोन तेव्हा कळवलं, आणि तोवर घाटात दरड आलती, तुझी वाट बंद. मग तू विचारलंस, आई काय म्हणाली. मी म्हटलं, तुझं नाव पण काढलं न्हाय तिनं. तू पानावरून उठून गेलास. पोटचा पोरगा असून चुलतभावानं अग्नी दिला, त्यावर लोक काय काय बोलले ते मी एकटीनं ऐकलं. सहा वर्षं आईचं हगणं-मुतणं मी काढलं. तू महिन्याला येऊन खव्याचा पेढा भरवून जायचास आणि ती आठवडाभर त्या पेढ्याचं सांगायची. राग येणार न्हाय तर काय होणार?

रेंज नव्हती हे खरंच आहे. डोंगरात पावसाळ्यात कुठली रेंज.

तर ते दोनशे चौदा खोटं आहे. खरं ह्याच्याहून लई जास्त आहे, आणि ते किती हे सापडण्यासारखं आहे. सोमवारी भावकूकडं जाऊन खात्री करते आणि लिहिते. शाळेचा पाया खणू देऊ नको.

मनू

•

१४ एप्रिल २०२५

नागू,

हे पत्र रजिस्टर करून पाठवते. दिव्याला दाखव, सगळ्यांना दाखव.

भावकू बावीस वर्षं मला मोजताना बघतोय. मी काचेचं माप भरते, मोठ्यानं आकडा म्हणते आणि ओतते. सुतकात मी येईना, बाटली तर काठोकाठ भरायला लागली. त्याला वाटलं मनुबाईचं काम अडलं. त्यानं रोज पूजेआधी बाटली काढली आणि अभिषेकाच्या तांब्यानं मोजून ओतली. काचेला हात लावायचं त्याला भ्या वाटलं. लिहिता येत न्हाय, म्हणून भांडारघराच्या आतल्या भिंतीवर एका तांब्याला एक अशी चुन्याची बोटं ओढली. एका दिवसाला एक ओळ. मला का सांगितलं न्हाईस म्हटलं तर म्हणतो, "तू इचारलंसच न्हाईस. मला वाटलं तुझी तुझी काय तरी सोय असंल."

आज मी तो तांब्या काचेच्या मापानं भरून बघितला. वीसचं एक माप आणि वर सतरा, म्हणजे सदतीस मिलिमीटर. चार वेळा भरला. आता मोठ्या पावसाच्या तीन ओळी:

२२ जुलै, आठ बोटं. २९६. मी लिहिलेले १९०.
२३ जुलै, साडेअकरा. ४२५. मी लिहिलेले २१४.
२४ जुलै, नऊ. ३३३. मी लिहिलेले २०५.

साडेअकराचं अर्धं बोट त्यानं खरोखर अर्धं ओढलंय.

आणि आणखी एक. ही बोटं मला आज सापडली न्हाईत. त्याच दिवाळीला भावकू चुना मारत होता तेव्हा त्यानं विचारलं, ही पुसू काय. मी मोजली. जे कळायचं ते कळलं. पुसू नको म्हटलं आणि घरी आले. साडेतीन वर्षं मला ठाऊक आहे. कुणी विचारलं न्हाय म्हणून मीही बोलले न्हाय, आणि कुणाच्या घराशी ह्याचा संबंध असेल असं मला वाटलंच न्हाय. पाऊस पडला, वाहून गेला, संपला, असंच वाटायचं.

माझं नाव घालून लिही की निरीक्षकाची चूक. तुझ्यावर घेऊ नको.

मनुबाई भरमू, निरीक्षक

•

४ मे २०२५

नागू,

तुझी माणसं मंगळवारी येऊन गेली. दिव्या आणि दोघं पुरुष. गाडी गडग्यापाशी थांबली तेव्हा मी चारी दारं उघडून बाहेर येणारं माणूस बघितलं. चौथ्या दारातून पेटी उतरवली. मी पाच जणांचा स्वयंपाक केलता, तुझ्या वाटचा रात्री मी आणि भावकूनं खाल्ला.

त्यांनी तांब्या तीनदा मोजला. सदतीस, सदतीस, साडेछत्तीस. बोटांचे फोटो काढले. भावकू धुतलेलं धोतर नेसून उभा होता, म्हणतो, "फोटू काढणार हे म्हाईत असतं तर वळीत वडली असती." दिव्यानं त्याच्याही पाया पडून नमस्कार केला. गुणाची आहे पोरगी.

ती म्हणाली, रेघ वर सरकली. बांधवाड्याची बासष्टच्या बासष्ट घरं आत आली. शाळेला दुसरी जागा बघतायत, आणि भरतीच्या पुराला घरं कधी रिकामी करायची ह्याची बैठक वाड्यातच झाली. लोक चिडले, पण ऐकलं.

मग तुझं विचारलं. तिला सांगायचं नव्हतं, पण माझ्यापुढं पोरीचं काय चालणार. तू भर बैठकीत उभा राहून सांगितलंस म्हणे, आकडा खोटा आहे आणि निरीक्षक माझी सख्खी बहीण आहे. वरचे साहेब तापले. घरचाच आकडा होता तर तपासला का न्हाय म्हणाले. अहवालाच्या पहिल्या पानावरून तुझं नाव काढलं. मी लिहिलं होतं ना, माझ्यावर घाल म्हणून. तू ऐकायचास कधी.

आणि मग तिनं एक कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, शेवटची खरी नोंद कुठली ते इथं सही करून द्या. त्या महिन्यात माझ्या मोबाईलवरून तुमच्याकडं गेलेले मेसेज होते ते. मंगळवार २० जुलै, सकाळी ८ वाजून ४१ मिनिटं, ११२ मिलिमीटर. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. दिव्या म्हणाली, "सरांनीच ओढली, का ते मला कळलं न्हाय."

मला कळलं. तू आला न्हाईस ते का, तेही कळलं.

देवळाच्या पायरीवर रेंज होती, नागू. मंगळवारी सकाळी तिथं उभी राहून मी ११२ पाठवलं तेव्हा आई घरात शेवटच्या दशेत होती. सोमवारपासून होती. घाट उघडा होता. त्याच पायरीवरून मी तुला फोन केला असता तर दुपारी तू तिच्या उशाशी असतास. फोन हातात होता. पाऊस कळवला आणि खिशात ठेवला.

का, ते ऐक. तिनं तुझं नाव काढलं न्हाय असं मी तुला म्हटलं, ते दोनशे चौदासारखंच खोटं. दोन दिवस ती दुसरं काही बोलतच नव्हती. नागू आला काय. गाडी आली काय. नागूला भात ठेव. मी तोंडात पाणी घातलं की पाणी गिळून पुन्हा नागू. सहा वर्षांत मी तिला कधी परक्या हातात दिलं न्हाय, आणि तिच्या तोंडात माझं नाव एकदाही येईना. मला वाटलं, निदान शेवट तरी माझ्या एकटीचा असू दे. तू आलास की ती तुझ्याकडं वळणार आणि मी पुन्हा चुलीकडं. म्हणून न्हाय केला फोन. हेच आहे. दुसरं कारण न्हाय. गुरुवारी घाट बंद झाल्याचं कानावर आलं तेव्हा सुतकातली मी गडग्याच्या अलीकडून भावकूला हाक मारली आणि त्याच्या फोनवरून तुला कळवायला लावलं.

तू माफ करावंस म्हणून हे लिहीत न्हाय. बासष्ट घरांचं बोलले तसं हेही बोलायला हवं होतं, आणि ते तुझ्या पेन्सिलीच्या आधी बोलायला हवं होतं.

आता शेवटचं. हे कुणालाच ठाऊक न्हाय, भावकूलाही न्हाय. पहाटे तिला दिसायचं बंद झालं. हातानं चाचपत होती. माझा हात सापडला तो घट्ट धरला आणि म्हणाली, "नागू, आलास रं?" मी न्हाय म्हणायला तोंड उघडलं. पण तिचा चेहरा असा झालता की मला ते म्हणवेना. मी म्हटलं, "व्हय आई, आलो." ती म्हणाली, लई भिजलास. मी म्हटलं, व्हय. तिनं पदरानं माझं डोकं पुसलं, आणि पुसता पुसताच हात थांबला.

तर तू पोचलतास, नागू. तिच्या लेखी तू वेळेवर आलास, भिजत आलास, आणि जवळ होतास. तिथं नव्हते ती मी.

मनू